दवाखान्याच्या दारावरचा डहाळा

त्या गावाचा मला राग आहे. पुढचं सगळं आयुष्य पिंपरीच्या कारखान्यात गेलं, नातवंडं झाली, तरी तो राग उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

एकोणीसशे पन्नास उलटून चार-पाच वर्षं झाली होती. चाकणच्या रस्त्यावरच्या त्या गावातल्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा खेडहून सायकलवर यायचे. एरवी दवाखाना म्हणजे मीच. मागच्या दोन खोल्यांत मी, बायको आणि आमची सहा महिन्यांची मुलगी. मुलीच्या हातापायांवर इसब होता.

उन्हाळ्यात देवींची साथ आली. डॉक्टरांनी मला आणि बायकोला टोचलं, आणि मुलीकडे पाहून मान हलवली.

"अंगावर इसब असताना हिला टोचता येत नाही. तो जाईपर्यंत हिला जपणं तुझ्या हातात आहे. देवीचा एकही रोगी पडवीत चढता कामा नये."

मी नियम केले. ताप आणि पुरळ असेल त्यानं चिंचेखाली बसायचं. पायरीपर्यंत एकानंच यायचं. बाटली दगडावर ठेवून मागं सरायचं, मी वरून औषध ओतणार. रोग्याचे कपडे घरी उकळायचे. हे सगळं मी घसा बसेपर्यंत ओरडून सांगितलं. लोक माना डोलवायचे आणि सरळ पडवीत चढायचे. एक म्हातारा तर पुरळ आलेल्या पोराला मांडीवर घेऊन आमच्या भिंतीला टेकून बसला. मी खेकसलो, तर म्हणतो, "सावली हाय म्हून बसलो. तुमचं काय खाल्लं?"

मग पाटी लावली. गावात वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही पाटीखालीच विडी ओढत उभे राहायचे.

तेव्हा मला अक्कल सुचली. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे दाराला कडुलिंबाचा डहाळा दिसला की घरात देवी आल्यात हे न सांगता कळायचं, आणि लोक वाट वाकडी करून जायचे. पाटी वाचता येत नसेल, पण डहाळा तर कळेल! सोमवारी संध्याकाळी मी दवाखान्याच्या दाराला चांगला हातभर डहाळा बांधला. आपल्या हुशारीवर मी इतका खूश होतो की जेवताना दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. बायकोनं डहाळ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. मीही काही बोललो नाही.

मंगळवारी सकाळी दार उघडलं तर पडवी बायकांनी भरलेली. प्रत्येकीच्या हातात दहीभाताचं ताट, हळदकुंकू, खण. त्या गावात डहाळा दिसला की मंगळवारी देवीची ओटी भरायला जायचं असतं. शिवाय ज्या घरातलं पोर देवीतून उठलेलं असेल, त्या घरानं त्या पोराला पाया पडायला न्यायचं. अंगावर खपल्या असलेली तीन पोरं माझ्या उंबऱ्यावर डोकं टेकवत होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी पहिलं ताट लाथेनं उडवलं. दहीभात पडवीभर झाला.

"निघा इथून! मूर्ख बायका! मरायचं तर आपापल्या घरी मरा!"

त्या तिघांतल्या एकाची आजी नातवाचा हात धरून उभी होती, ती म्हातारी जागची हलली नाही. "आवं, दवाखान्यातच देवी उतरल्याती, आन् तुमी आमाला हाकलताय व्हय? डहाळा काय आमी बांधला?"

मी डहाळा ओरबाडून काढला आणि रस्त्यावर फेकला. बायका शिव्याशाप देत पांगल्या. गावानं मला आठवडाभर पाणी भरू दिलं नाही. मीही जो दिसेल त्याच्या अंगावर जात होतो. पण पडवी रिकामी राहिली. मी जिंकलो असं मला वाटलं.

बाराव्या दिवशी मुलीला ताप आला. पुरळ उठला तेव्हा मला खरंच कळेना, तो आला कुठून. मी बायकोला विचारलं, "तू हिला कुठं नेलं होतंस?"

ती चुलीसमोर बसली होती. तिनं सांगितलं, त्या मंगळवारी मी पुढच्या दारी बाकीच्या बायकांना हाकलत असताना ती म्हातारी नातवाला घेऊन मागच्या दारी आली होती. बायकोनंच तिला आत घेतलं. तिच्या नातवाच्या मांडीवर आमची मुलगी ठेवली, आणि त्याच्या हातानं तिच्या कपाळाला अंगारा लावून घेतला.

मी हात उगारला. ती मागं सरली नाही.

"डॉक्टर टोचत नाहीत म्हणाले. मग तुम्ही डहाळा बांधलात. मला वाटलं, आता पोरीसाठी तुम्ही देवीलाच शरण गेलात."

अख्ख्या गावाला मी ओरडून सांगितलं होतं. तिला सांगितलं नव्हतं.

मुलगी नऊ दिवस काढून गेली. तिला पुरून आलो तेव्हा आमच्या दारात कोणीतरी दहीभाताचं ताट झाकून ठेवलं होतं. बायकोनं ते उचलून आत नेलं, आणि आम्ही दोघांनी ते खाल्लं.