दोऱ्याला पेन नव्हतं

गेल्या सोमवारी सकाळी आमच्या पॅकिंगमधल्या सुनंदाताई कंपनीच्या गाडीतून उतरल्या. उजव्या हाताला हे मोठं बँडेज, गळ्यात झोळी... मी गेटवरच उभा होतो. बघतच राहिलो.

शनिवारीच त्यांची दोन बोटं पाऊच बंद करायच्या सीलिंग मशीनमध्ये चेमटली होती. डॉक्टरांनी पंधरा दिवस घरी राहायला सांगितलं होतं. मग बाई कामावर कशी?

तर रजा लागली असती की अपघात कागदावर आला असता. आणि त्याच आठवड्यात सुरक्षेचं बाहेरचं ऑडिट. म्हणून मॅनेजरसाहेबांनी भिवपुरीला त्यांच्या घरी गाडी धाडून त्यांना उचलून आणलं, ऑफिसात पंख्याखाली खुर्ची दिली, हजेरी लावली. झालं... अपघात झालाच नाही!

मी खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर आहे. गेटजवळच्या देवळीत दत्तापुढे अगरबत्ती लावायची आणि शेजारच्या फळ्यावर खडूने आकडा एकने वाढवायचा, ही रोजची दोन कामं माझ्याकडे. फळ्यावर लिहिलंय, 'अपघाताविना दिवस'.

"भोईर, फळा राहिला का आज?" साहेबांनी जाता जाता विचारलं. मी खडू हातात घेतला, पण आकडा काही लिहवेना. आधी ताईंना भेटून येतो म्हटलं.

"दुखतंय का ताई?"

"ठणकतंय भाऊ, डोला लागला नाय. आनि मी हितं बसून करू काय? देवलातल्या मूर्तीवानी मांडून ठेवलंय मला... नारल तेवढा फोडायचा राहिलाय." एवढं बोलून त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मशीनची जाली काढलीय ते मी तुमाला सांगितलेलं. रजिस्टरात लिवते म्हनलं, तर तुमीच म्हनलात, राहू दे गं, उगाच नाव येईल."

हो. मीच म्हणालो होतो.

मशीनमध्ये हात जाऊ नये म्हणून पुढे एक जाळी असते. पाऊच अडकलं की ती उघडावी लागते, वेळ जातो. माल जास्त निघावा म्हणून तीन महिन्यांपूर्वी ती काढूनच ठेवली होती.

तक्रारींसाठी आमच्या खात्यात एक रजिस्टर टांगलेलं आहे. मागे एका ऑपरेटरने त्यात चार ओळी लिहिल्या, तर साहेबांनी त्या सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. "हे बघा आमचे लेखक!" सगळे हसले... मीही हसलो. त्यानंतर कुणी लिहिलं नाही. रजिस्टरच्या दोऱ्याला बांधलेलं पेनही कधीतरी गेलं आणि नुसता दोरा लोंबत राहिला. पेन कुठे गेलं, हे एकानेही विचारलं नाही. त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

कोंडाण्याच्या शाळेत आमचे गुरुजी शिकवून झालं की शंका विचारायला सांगायचे. एकही हात वर आला नाही की अस्वस्थ व्हायचे. "सगळ्यांना समजलंय असं कधी होत नसतं रं, तुम्ही मला भ्यायलात." आमच्या मीटिंगमध्ये मात्र सगळे खाली बुटांकडे बघत बसतात आणि साहेब खूश होतात.

अकरा वाजता मीटिंग झाली. साहेबांनी रजिस्टर मागवलं आणि कोरी पानं फडफडवून दाखवली. "जाळीचा त्रास होता तर लिहिलं का नाही? तीन महिन्यांत एक तक्रार नाही. म्हणजे चूक बाईंचीच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तसं त्यांच्याकडून लिहून घ्या, भोईर. तुम्ही देवमाणूस, तुमचं ऐकतील. उजवा हात बांधलाय ना, मग डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल."

महिन्याच्या महिन्याला सही करून पगार घेणारी बाई... तिचा अंगठा! तो कागद झाला असता की उपचारांचा खर्च त्यांच्या माथी आणि पुढे नोकरीही गेली असती.

माझं डोकं सणकलं. उभा राहिलो. "साहेब, तक्रार होती. ताई लिहिणार होत्या, मी अडवलं."

"मग आता लिहा, हौस असेल तर."

"पेन द्या."

मग मेंटेनन्सच्या साळुंखेंनी, माझ्याकडे न बघताच, खिशातलं पेन टेबलावरून पुढे सरकवलं. मी उभ्याउभ्याच लिहिलं... जाळी कधी काढली, ताईंनी मला कधी सांगितलं, मी काय उत्तर दिलं. खाली माझी सही. मग गेटवर गेलो, फळा पुसला आणि शून्य काढलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत साळुंखेंनी जाळी बसवली. चार स्क्रू. दहा मिनिटं. दहा मिनिटांच्या कामासाठी एका बाईची दोन बोटं!

संध्याकाळच्या आत ताईंना गाडीने घरी सोडलं, रजाही लागली. मला शिस्तभंगाचं पत्र आलंय. पुढे काय होईल ते माहीत नाही. घरी सांगितलंय, घाबरू नका म्हणून. थोडा मीच घाबरलोय.

पण त्याहून जास्त खातंय ते वेगळंच. अगरबत्तीच्या धुरात उभं राहून दत्तासमोर मी रोज तो आकडा वाढवत होतो, आणि मनात वाटायचं, आपण तर कुणाचं वाईट करत नाही... माझं 'राहू दे' ताईंनी मला तोंडावर ऐकवलं, हे त्यांचे उपकार.

तुमच्याकडेही असं रजिस्टर असेल आणि पानं कोरी असतील, तर लगेच समाधान मानू नका. दोऱ्याला पेन आहे का, ते आधी बघा. आमच्याकडचं मी मंगळवारी बांधलं. आता अगरबत्ती लावून झाली की फळ्याकडे जायच्या आधी मी त्याची गाठ ओढून बघतो.