बॅटरीच्या गाडीचा तपास

ती घटना आजही आठवली की आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते. खरा प्रकार मी परवापर्यंत कुणालाच सांगितला नव्हता.

दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. जुन्नर-आंबेगाव भागातल्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावातल्या शाळेच्या एका बाईंनी बॅटरीवर चालणारी मोपेड घेतली होती. घर, शाळा, बाजार एवढाच तिचा फेरा. लायसन लागत नाही, पासिंग नाही, नंबरप्लेट नाही. आवाजही नाही, त्यामुळे रस्त्यातली म्हातारी माणसं दचकून बाजूला व्हायची.

एका सोमवारी बाई ठाण्यात आल्या. शनिवारी बाजारातून गाडी चोरीला गेली म्हणाल्या. ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहायला घेतली.

"गाडीचा नंबर?"

"नाही."

"इंजिन नंबर?"

"इंजिनच नाही."

अंमलदाराने पेन खाली ठेवलं. "बाई, मग गेलं काय तुमचं?"

"तुम्ही उद्यापासून माझ्याबरोबर पायी शाळेत चला, म्हणजे कळेल काय गेलं ते!"

मी मुद्देमाल रजिस्टर मागवलं, त्यात मोपेड नव्हती. तेवढ्यात स्टँडवरच्या चहावाल्याने खबर दिली. "साहेब, गॅरेजवाला मेस्त्री परवा म्हणत व्हता, ही गाडी एक दिवस गायबच करतो." मी मेस्त्रीला बोलावून घेतलं.

"गाडी कुठे आहे?"

"साहेब, आख्ख्या गावात ती एकच गाडी. चोरून चालवू कुठं, आन् विकू कुणाला?"

"मग गायब करतो असं का म्हणालास?"

"गंमत केली राव! तिला ना ऑइल, ना प्लग, ना कार्बोरेटर. समद्यांनी तसल्या गाड्या घेतल्या तर आमी काय खायाचं?"

मला वाटलं, हाच हेतू. दोन दिवस त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या व्हरांड्यात, बाजारच्या रस्त्यासमोर बाकावर बसवून ठेवलं. हात लावला नाही आणि त्यालाच मी माझं मोठेपण समजत होतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघत होता.

तेव्हा भारनियमन कडक होतं. प्रत्येक भागाची वीज वेगळ्या वेळी जायची. मी विचार केला, चोर कुणीही असो, त्याला गाडी चार्ज करावीच लागणार. मग भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं आणि जिथे वीज असेल त्या वाडीवर त्या वेळी शिपाई पाठवले. गाडी मिळाली नाही. एक शिपाई मात्र घरचं दळण करून आला.

तिसऱ्या दिवशीही मेस्त्री बाकावर होताच. दुपारी गावात वीज नव्हती. मी पंख्याखाली वेळापत्रक बघत बसलो होतो. बघता बघता लक्षात आलं की पंखा फिरतो आहे. ठाण्याला सरकारी दवाखान्याच्या लाइनवरून वीज होती. म्हणजे या क्षणी गाडी चार्ज होऊ शकेल अशा जागा दोनच, दवाखाना आणि ठाणं. मी उठलो. वायरलेसच्या खोलीतून एक वायर खिडकीबाहेर गेली होती. तिच्या मागे मागे गेलो. ठाण्याच्या मागे ताडपत्रीखाली बाईंची मोपेड आरामात चार्ज होत होती.

हवालदाराला हाक मारली. तो म्हणाला, "ही व्हय? ही तर सायकल हाय, साहेब. शनिवारी विनानंबरच्या गाड्या उचलायची मोहीम तुमीच काढली ना? गाड्यांच्या रांगेला तुमीच लांबून बोट दावलं, त्यात ही बी व्हती. नंबर न्हाई, इंजिन न्हाई, म्हणून रजिस्टरला बेवारस सायकल म्हणून चढवली."

"अरे, गावभर शोध चाललाय तिचा!"

"शोध मोपेडचा चाललाय. सायकलचं मला कुणी इचारलंच न्हाई."

"आणि ही वायर?"

"मुद्देमाल खराब व्हायला नको. आन् पहाटं चहाला दूध आणायला लई बरी पडती."

त्या क्षणी मी व्हरांड्यात जाऊन मेस्त्रीपुढे हात जोडायला हवे होते. त्याऐवजी गाडी गावाबाहेर उसाच्या कडेला नेऊन ठेवायला लावली, पंच बोलावले आणि 'अज्ञात इसमाने टाकून दिलेल्या स्थितीत' मिळाल्याचा पंचनामा केला. वरिष्ठांनी शाबासकी दिली. बाईंनी पेढे आणले. गाडी सुरू करून म्हणाल्या, "साहेब, बॅटरी फुल कशी हो?"

"चोर बरा होता," मी म्हणालो.

मेस्त्रीला सोडलं, पण तो निर्दोष आहे असं मी कुठेही बोललो नाही. पोलिसांनी बसवला म्हणून त्याने गाडी उसात टाकली, असा गावाने अर्थ काढला. लोक त्याच्या हातात किल्ली द्यायचे बंद झाले. वर्षभरात गॅरेजला कुलूप लावून तो आळेफाट्याला गेला.

परवा मी तिथे जाऊन त्याला सगळं सांगितलं. सायकलचं ऐकून तो पोट धरून हसला. मग हात पुसत म्हणाला, "तोंडी नको, साहेब. पिंपरी पेंढारला माझा सासरा हाय. नव्वदीला आलाय, पण जावयानं गाडी ढापली हे इसरंना. कागदावर द्या. सही-शिक्क्यानिशी."

इतक्या वर्षांच्या नोकरीत जे कळलं नाही ते या प्रकरणाने शिकवलं. संशयिताचं नाव लिहायला ठाण्यात रकाना असतो. तो निर्दोष होता हे गावाला सांगायला रकाना नसतो. ते अधिकाऱ्यानेच चारचौघांत बोलायचं असतं.

म्हणून लिहून देतो. ती मोपेड माझ्याच हुकमाने उचलली गेली होती आणि माझ्याच ठाण्यात होती. मेस्त्रीने तिला हातही लावला नव्हता. त्याच्या सासऱ्यांना कुणीतरी हे मोठ्याने वाचून दाखवावं. खाली सही करतो आहे. शिक्का निवृत्तीच्या दिवशी जमा केला, तेवढा नाही.