आबा प्रयुक्त झाले तेव्हा

कॉलेजात मानसशास्त्र घेतलं तेव्हा कोपरखैरण्याच्या आमच्या माथाडी वसाहतीत माझी बढती झाली. कालपर्यंत मी नुसता शिकणारा पोरगा होतो, आता ‘येड्यांचा डाक्टर’ झालो. शेजारच्या काकू मला पाहिलं की बोलणं आवरतं घ्यायच्या. मला मनातलं ओळखता येतं, असा त्यांचा समज होता. खरं तर अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या, म्हणून मी इकडे आलो. आज एका रुग्णालयात समुपदेशक म्हणून बसतो. या विषयाकडे कसे वळलात, असं कुणी विचारलं की मी काहीतरी उदात्त सांगतो.

त्या वेळी आमच्या घरात एक नाव घ्यायचं नव्हतं. माझा थोरला भाऊ बारावीनंतरच्या मे महिन्याच्या सुट्टीत तुर्भ्याच्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यात पोहायला गेला आणि बुडाला. दिवसकार्य झाल्यावर आईनं त्याचे कपडे, फोटो, बॅट असं सगळं साताऱ्याकडे गावी धाडलं आणि सांगितलं, “या घरात त्याचं नाव कुणी काढायचं न्हाय.” आबांनी, म्हणजे वडिलांनी, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते कांदा-बटाटा मार्केटात गोणी उचलायला गेले. एवढ्या सहज ते कामावर गेले, याचा मला फार राग आला होता.

शेवटच्या वर्षी मानसशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा असायची. प्रयोग करणारा विद्यार्थी तो प्रयोगकर्ता आणि ज्याच्यावर प्रयोग व्हायचा तो प्रयुक्त. प्रयुक्त आपला आपण आणायचा. त्यानं मानसशास्त्र शिकलेलं नसावं आणि तो नात्यातला नसावा, हे दोन नियम. त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत वाशीच्या आमच्या कॉलेजबाहेर अनोळखी माणसांना फार मान मिळे. एका वडापावावर प्रयुक्त मिळायचे. माझा प्रयुक्त म्हणजे वसाहतीतला एक रिक्षावाला. ऐन दुपारी त्याला पनवेलचं भाडं मिळालं आणि विज्ञानाची सेवा राहून गेली.

मार्केट जवळच होतं. मी धावत गेलो आणि आबांना होते तसे घेऊन आलो. सदऱ्यावर कांद्याची सालपटं होती, डोक्यावर टोपी. वाटेत बजावलं, “आबा, आपली वळख न्हाय बरं का. मला सायेब म्हनायचं.”

“म्हंजी आता तू सायेब आन मी कोन?”

“प्रयुक्त.”

“बरं. व्हतो.”

बाहेरून आलेल्या परीक्षकांचं स्वागत चाललं होतं. नारळ, शाल, गुच्छ. परीक्षा घ्यायला आलेल्या माणसाला शाल का देतात, याचा उलगडा तीन वर्षांच्या अभ्यासात झाला नव्हता. प्राचार्यांनी मानवी मनाच्या अथांगतेवर चार शब्द सांगितले, ते बरेच लांबले. मग चिठ्ठ्या उचलल्या. मला शब्द-साहचर्याचा प्रयोग आला. आपण एक शब्द उच्चारायचा, प्रयुक्तानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, लागलेला वेळ घड्याळावर मोजायचा; तो लांबला की त्या शब्दाशी मनात काही अडलंय असं समजायचं. प्रयोगकर्त्यानं चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हा सगळ्यात मोठा नियम.

मी पुस्तकी मराठीत सूचना वाचली. “यात बरोबर-चूक काही नाही.”

“हे ब्येस हाय, सायेब,” आबा म्हणाले.

“टेबल.”

“सायेब.”

“रस्ता.”

“टरक.”

“गोड.”

“गूळ.”

यादीत पुढे ‘पाणी’ दिसलं. शब्द गाळता येत नव्हता, परीक्षक मागेच उभे होते. “पाणी,” मी म्हणालो.

“नळ,” आबा म्हणाले, ताबडतोब. आमच्या वसाहतीतला कुणीही तेच म्हणाला असता. मला हायसं वाटलं आणि पुढचा शब्द मी न बघताच वाचला.

“सुट्टी.”

 घड्याळ चालू होतं. आबांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. परीक्षक माझ्या कानाशी वाकले. “लांबला! लिहा, लिहा. छान केस मिळालीय तुम्हाला.”

मग आबांनी माझ्या भावाचं नाव घेतलं. कागदपत्रांतलं नव्हे, लहानपणी हाक मारायचे ते.

मी ते प्रतिसादाच्या रकान्यात लिहिलं, समोर वेळ लिहिला आणि पुढचा शब्द वाचला. तो कुठला होता, ते आठवत नाही.

प्रयोग संपला की प्रयोगाच्या वेळी कसं वाटलं, ते प्रयुक्ताला विचारायचं असतं. मी विचारलं.

“बरं वाटलं, सायेब. लय दिसांनी त्याचं नाव तोंडात आलं.”

“कोणाचं?” परीक्षकांनी विचारलं.

“थोरला माझा.”

“वा. काय करतो?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “बारावी झाली त्येची. आता लागंल कुठंतरी.”

परीक्षक ‘शुभेच्छा’ म्हणाले. मला मार्क चांगले पडले.

गेटाबाहेर आम्ही पुन्हा बाप-लेक झालो. बराच वेळ चालल्यावर आबा म्हणाले, “तुझ्या आईला बी इचार की तसं. येक येक शब्द. तिचं बी मोकळं हुईल. मी इचारलं तर वसकती माझ्यावर.” मग म्हणाले, “आन मी नाव काढलं, ते सांगू नगंस.” या माणसाला मी इतके दिवस दगड समजत होतो.

त्या रविवारी आई भाकऱ्या थापत होती. मी यादी घेऊन शेजारी बसलो. आबा दाराबाहेर चपला शोधत उभे होते, चपला पायातच होत्या.

“आई, कॉलेजचा खेळ हाय. मी शब्द सांगतो, तू मनात येईल ते सांग. टेबल.”

आईचा हात परातीत थांबला. “कुनी सांगितलं तुला हे?”

“अभ्यास हाय.”

“कुठलाबी शब्द सांग. मला येकच नाव येतंय.” तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. “मंग कशाला इचारतुयास?”

आता माझ्यासमोर रोज अनोळखी माणसं बसतात. कुणी गप्प झालं की मी घाई करत नाही, बसून राहतो. त्या दिवशी मला ते येत नव्हतं. मी यादीची घडी केली आणि उठलो. दाराशी आबांनी नजरेनं विचारलं, मी नकारार्थी मान हलवली.

“बरं,” ते हळूच म्हणाले आणि आत जाऊन आईसमोर जेवायला बसले. आईनं त्यांना भाकरी वाढली.