खुंट्यांना शेंदूर

लातूरच्या कडेच्या पाणथळीत आमच्या क्लासचं होस्टेल होणार म्हणून मोजणीच्या सात खुंट्या ठोकल्या. तिथं गवत कापणाऱ्या म्हातारीनं दुसऱ्याच दिवशी सातही खुंट्यांना शेंदूर फासून हिरव्या बांगड्या घातल्या. पाण्यातल्या साती आसरा, म्हणजे जलदेवता, म्हटल्यावर खोदायला आलेला मशीनवाला चप्पल हातात घेऊन परतला.

मी विचारलं, "मावशी, आसरा खरंच आहेत इथं?"

तिनं विळ्यानं लव्हाळा बाजूला सारला. आत पाणकोंबडीची अंडी होती.

"आसरांचं मला ठावं न्हाई, सर. भूकंपानं माझं घर नेलं, तवा काई करता आलं न्हाई. हे घर कसं नेतेत, बघतेच."

संध्याकाळी क्लासच्या मालकांनी मलाच विचारलं, तिथं खरंच काही आहे का. जन्मभर गणित शिकवलेला मी म्हणालो, "जागृत देवस्थान आहे, साहेब."