रमजाननिमित्त दुपारचं जेवण

प्रमुख पाहुण्यांच्या हातातली जिलेबी माझ्या तोंडाकडे येत होती आणि पाक माझ्या हनुवटीवर गळत होता. मागे केवढा मोठा फलक! ‘रमजाननिमित्त सर्वधर्म स्नेहभोजन. वेळ : दुपारी बारा.’

हसा. मीही हे सांगताना हसतो, हातवारे करून सांगतो. रमजानच्या महिन्यात, भर दुपारी, मुसलमानाच्या सन्मानार्थ जेवण! वसतिगृहाच्या भल्यामोठ्या समितीत एकालाही वाटलं नाही, की ज्याच्यासाठी पंगत मांडतोय त्या पोराला आधी विचारून बघावं.

लातुरातलं वसतिगृह. मी कंधारचा, शिकायला आलेला. शहरात कुणी खोली दिली नव्हती. वसतिगृहाच्या सरांनी दिली. आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, “आमच्याकडे एक मुसलमान पण हाय.” जसं कुणी सांगावं, आमच्या बागेत एक मोर पण आहे.

त्या दिवशी सरांनी माझ्यासाठी स्वतः टोपी विकत आणली. लहान निघाली. डोक्यावर बसेना, एका हातानं धरून उभा राहिलो. शेजारी मिलिंद, माझ्याच खोलीत राहणारा, शिरूर अनंतपाळच्या बौद्ध घरातला. त्याला पांढरा सदरा चढवलेला. पलीकडे एक लिंगायत पोरगा, कपाळभर भस्म. जन्मात त्यानं एवढं भस्म लावलं नव्हतं, सारखं डोळ्यात जात होतं बिचाऱ्याच्या. असे आम्ही तिघं. झाला भारत देश!

मी हळूच म्हणालो, “सर, मला रोजा हाय.”

सर कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. तसेच हसत, ओठ न हलवता म्हणाले, “फोटोपुरतं खा रे. खोली कुणी दिली तुला?”

तोंड उघडलं. मी उघडलं असं म्हणवत नाही. उघडलं गेलं. जिलेबी आत. टाळ्या.

गिळावी तर रोजा जातो. थुंकावी तर खोली जाते. मी घास गालात धरून उभा राहिलो. पाहुणे बंधुभावावर बोलायला लागले. काय आवाज, काय आवेश! इकडे पाक विरघळत घशाकडे निघालेला. मान पुढे काढून मी त्याला अडवतोय. गाल माकडासारखा फुगलेला. पुढच्या रांगेतली पोरं खिदळायला लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

सरांनी ते पाणी बरोबर हेरलं. माईकवर म्हणाले, “बघा, आमचा मुस्लिम बांधव कसा भारावलाय! आता तोच दोन शब्द बोलेल.”

मी माईकपाशी गेलो. बोलायचं तर तोंड रिकामं पाहिजे. दुसरा रस्ताच ठेवला नव्हता त्यांनी. रुमाल काढला, घास त्यात थुंकला.

“मला रोजा आहे. कुणी विचारलं नाही.”

दोन शब्द मागितले होते, सहा बोललो. पाहुण्यांनी हात पुसले आणि गाडीत जाऊन बसले.

संध्याकाळी सर खोलीच्या दारात. “सोमवारपर्यंत खोली रिकामी कर. चांगुलपणाची किंमतच न्हाई तुम्हा लोकांना.”

मी कपडे आवरायला लागलो. बघतो तर मिलिंदही आवरतोय.

“तू कशाला बे?”

“तुला जिलेबी तरी मिळाली, मियाँ. आमच्या वस्तीत हे लोक जेवायचा फोटो काढायला येतात, तवा पाण्याच्या बाटल्या सोबत आणतात.”

तो हसला. मला हसू आलं नाही. तोवर मला वाटायचं, हे फक्त आपल्याच वाट्याला येतं.

मग आम्ही दोघं खोली शोधत लातूरभर हिंडलो. मालक आधी नाव विचारायचे, मग आडनाव. माझं काम नावावरच उरकायचं. मिलिंदला आडनावापर्यंत थांबावं लागायचं. दार मात्र एकाच आवाजात बंद व्हायचं.

अम्मीला फोन केला. वाटलं, रोज्याचं विचारेल. ती घाबरून म्हणाली, “इत्ते बडे आदमी के सामने थूका? अब रहेगा किधर रे?”

शेवटी मी नांदेडला मामूंकडे गेलो. मिलिंद लातूरजवळच्या मुरुडला आत्याकडे राहून रोज बसनं कॉलेज करू लागला. खोली दोघांचीही गेली.

आता नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे मी आणि मिलिंद हेच काम करतो. खोली नाकारलेल्या पोरांना घेऊन मालकाच्या दारात उभे राहतो. पोरगा कुठल्याही जातीचा, कुठल्याही धर्माचा. किती दारं उघडली म्हणाल? थोडी. फार थोडी. खरं सांगतो, कित्येकदा पोराला परत बसमध्ये बसवून द्यावं लागतं आणि खिडकीतून तो बघतो तेव्हा मान खाली जाते.

सण जवळ आला की मात्र माझा फोन वाजतो. “साहेब, सद्भावनेचा कार्यक्रम ठेवलाय. तुमच्यातली दोन पोरं पाठवा. मुसलमान दिसतील अशी.”

मी आवाजात साखर घालतो. “आहेत की. शिकायला खोली शोधून राहिलेत. तुमच्या गल्लीत कोण देईल?”

तिकडून फोन कट.

पोरं मी पाठवत नाही. फोन पुन्हा लावतो.