ब्रेडफ्रूटचे काप

मल्लेश्वरमला आमच्या समोर एक इंजिनिअर राहत. कारखान्याच्या कामासाठी ते काही महिने जमैकाला राहून आले आणि मग साऱ्या आळीलाच रोज जमैकाला जावं लागलं. कुणाकडेही जेवायला बसले की पहिल्या घासाआधी तर्जनी वर करायचे. "आयलंडवर असलं मिळमिळीत खात नाहीत हो! निखाऱ्यावर भाजलेलं ब्रेडफ्रूट खायचं आणि ढोल ऐकायचे. ती चव तुम्हाला सांगून कळायची नाही." धोतरावर फुलाफुलांचा बुशशर्ट घालून ते हे सांगत, तेव्हा त्यांची बायको आमटीत काहीतरी शोधत असे.

ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस, हे आमच्या हिला शेजारच्या मंगळूरकर अक्कांनी सांगितलं. गावाहून आलेला एक दिलाही. हिने रव्यात घोळवून त्याचे काप तळले आणि दोघांना जेवायला बोलावलं.

"वहिनी, बटाटे झकास! कुठले?" ते म्हणाले.

"मंगळूरचे."

"तरीच! पण ब्रेडफ्रूटची सर नाही हं," म्हणत त्यांनी आणखी वाढून घेतले.

त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरात उरलेला फणस पाहिला होता. निघताना ती दारात मागे राहिली.

"मेतकुटाचे डबे मीच भरून दिले होते. तिकडे त्यावरच राहिले," ती हळूच म्हणाली. "पण त्यांना सांगू नका हं. मग आमच्या घरात बोलायचं कुणी?"