नकाशातली जलपर्णी, तात्यांची कलिंगडं

“मॅडम, हितं ड्रोनमधी औषध भरत्यात. माझी कलिंगडं मारणार ही लोकं!”

फोन पळसदेवच्या तात्यांचा. मी पुण्यात ऑफिसात चहा पीत होते. उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचे नकाशे करणं हे माझं काम. मागे पाहणीसाठी इंदापूर तालुक्यात गेले होते, तेव्हा तात्यांनी माझा नंबर घेऊन ठेवला होता.

उजनीचं पाणी ओसरलं की धरणाच्या पोटातली जमीन उघडी पडते. परवानगी काढून लोक तिथं पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. तात्यांचा तुकडा पाण्यामधल्या एका उंचवट्यावर होता, होडीनंच जावं लागायचं. माल तोडणीला आलेला, सगळा हंगाम त्या एका तुकड्यावर. जलपर्णीवर तणनाशक फवारायला आलेल्या काठावरच्या ड्रोनवाल्यांना लांबून नुसतं हिरवं दिसत होतं, आणि हातातला नकाशा त्याला जलपर्णी म्हणत होता.

नकाशा आमच्या ऑफिससाठी एका एजन्सीनं केलेला. धरणाच्या हद्दीत हिरवं दिसलं की जलपर्णी, असा सरधोपट कारभार. धरणाच्या पोटात कुणी कलिंगड लावतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

फवारणीचं काम आमच्याच साहेबांच्या हाताखाली चालू होतं. मी त्यांच्या केबिनमध्ये घुसले.

“सर, फवारणी थांबवा. ते पीक आहे.”

“कशावरून? नकाशा मंजूर झालाय. एका फोनवर काम थांबवलं, असं वर सांगू?”

“पुरावा देते. तोवर तरी थांबवा.”

“लवकर द्या. ते लोक जास्त वेळ थांबणार नाहीत.”

पूर्वी जुनं चित्र हवं असलं की अर्ज, मंजुरी आणि मग वाट बघत बसणं. आता धोरण बदललंय. सरकारी उपग्रहांची अशी चित्रं सगळ्यांना खुली आहेत. उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि प्रत्येक फेरीचं चित्र साठवलं जातं. मी मागच्या फेऱ्या उघडल्या. पहिल्याच चित्रात नेमका तिथं ढग. बाकीच्या चित्रांत मात्र आधी उघडा गाळ, मग विरळ हिरवं, मग दाट. जागा तीच. शेजारची खरी जलपर्णी वाऱ्याबरोबर दर फेरीत इकडून तिकडे सरकलेली. पीक कुठं जाणार?

साहेबांनी चित्रं पाहिली आणि फोन उचलला. “त्या उंचवट्यावर फवारू नका. बाकीचं करा.”

मी खुर्चीत बसले. चक्क हसू येत होतं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं पुन्हा तात्या. “गेली बगा ती लोकं. वरनं माझी कलिंगडं दिसली व्हय तुमास्नी?”

“हिरवं दिसलं, तात्या.”

“मग आतनं लाल हाय का न्हाय, ते हितं येऊन बगा.”

गेले. लालभडक होतं. नकाशात गाळपेरीसाठी वेगळा रंग घालायला मात्र बैठकांवर बैठका झाल्या. उपग्रह नुसतं हिरवं दाखवतो. त्याला जलपर्णी म्हणायचं की कलिंगड, हे माणूस ठरवतो. तेव्हा औषध भरायच्या आधी गावात एक फोन करावा.